भागीरथाचा दंड

आमच्या कॅम्पात देवी प्रगटली ती नेमकी भागीरथाबाईच्या दंडावर. म्हणजे आख्ख्या लाइनीत जी एकटी बाई देवीला मोजत नव्हती, तिच्या. देवी खरंच असेल तर तिला माणसांची पारख नाही, एवढं मी खात्रीनं सांगू शकतो.

तेव्हा भिलाईचा कारखाना उभा राहत होता आणि आम्ही पत्र्याच्या खोल्यांच्या लाइनीत राहत होतो. मी खलाशी. जहाजावरचा नव्हे, लोखंडाचे गर्डर साखळ्यांनी बांधून वर चढवणाऱ्यांना इकडे खलाशीच म्हणतात. समुद्र मी आजवर पाहिलेला नाही. घरात बायको कौशल्या, पाच वर्षांची पोरगी जया आणि माझी आई शकुबाई. आम्ही भंडाऱ्याकडचे, तुमसरच्या पुढच्या एका खेड्यातले कुणबी. पत्र्याच्या भिंतीपलीकडे भागीरथाबाई आणि तिचा नवरा आनंदराव. तो कारखान्याच्या आतल्या रुळांवर गँगमन होता आणि ती रेजा, म्हणजे डोक्यावर घमेलं घेऊन दिवसभर काँक्रीट वाहणारी. तेही आमच्याच गावचे. गावात त्यांची वस्ती वेशीबाहेर होती आणि आमची घरं विहिरीजवळ. इथं खोल्या वाटताना ठेकेदाराच्या मुन्शीनं हे काही विचारलंच नाही. मोठमोठ्यांना जे जमलं नव्हतं ते त्यानं निव्वळ आळसापोटी करून टाकलं. आईला तो मुन्शी शेवटपर्यंत आवडला नाही.

गावात पाण्याची रीत अशी होती की त्यांच्या बाया भांडी घेऊन विहिरीपासून लांब उभ्या राहायच्या. आमच्या एखादीला दया आली की ती वरून पाणी ओतायची, भांड्याला भांडं लागू न देता. माझ्या आईला दया लवकर यायची, असं आई सांगायची. भागीरथाबाईला त्यातलं उन्हात उभं राहणं तेवढं आठवायचं. कॅम्पात नळ एक आणि रांगही एक, तिथं आईचं काही चालेना. मग तिनं नळावरून आणलेल्या पाण्याच्या गुंडीत, म्हणजे कळशीत, तुळशीचं पान टाकून ते शुद्ध करायची युक्ती काढली. डालड्याच्या डब्यात तिनं तुळस लावली होती ती एवढ्यासाठीच. भागीरथाबाईनं पत्र्यापलीकडून विचारलं, "शकुबाई, पानानं नळ बी शुद्ध होते, का नुसती गुंडीच?"

आईला ठसका लागला तो प्रश्नानं नाही, 'शकुबाई' या शब्दानं. गावात हीच बाई तिला मालकीण म्हणायची.

छप्पन साली नागपूरला दीक्षा घेऊन आल्यावर भागीरथाबाईनं घरातले सारे देव टोपलीत भरले आणि वैनगंगेत टाकून आली. आनंदराव तसा गरीब माणूस. तो एवढंच म्हणाला, की त्यातला एक पितळेचा होता, मोडीत तरी घालायचा. टोपलीत देवीचा टाकही होता, आणि तो म्हणे तिनं सगळ्यात आधी आणि सगळ्यात लांब भिरकावला. तिचा एकुलता एक पोरगा देवीनं गेला होता.

आमच्या लोकांची इथं एक गंमत आहे. देवी हे दैवताचं नाव, तेच रोगाचं नाव, आणि त्या रोगावरची लस टोचून घेण्याला म्हणायचं 'देवी काढणं'. एका शब्दात दैवत, दुखणं आणि औषध कोंबल्यावर कोण कशाला हात जोडतंय हे त्या देवीला तरी कळत असेल का? गावात टोचणारा यायचा तो मारुतीच्या पारावर बसायचा, आमची पोरं टोचायचा आणि वेशीबाहेर पाय न ठेवता परत जायचा. त्याला बाटायची भीती. माझ्या दंडावर त्या टोचण्याचे वण आहेत. तिच्या पोराच्या दंडावर नव्हते. हे तिनं मला कधी बोलून दाखवलं नाही, पण मी उघड्या अंगानं खाटेवर बसलो असलो की तिची नजर माझ्या दंडाकडे जायची, आणि मला ऐन उन्हाळ्यात सदरा घालावासा वाटायचा.

त्या पोरानंतर तिला मूल झालं नाही. जया मात्र दिवसातून दहादा पत्रा ओलांडून तिच्याकडे पळायची. ती तिथं काय खाते-पिते हे आईला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं.

त्या चैत्रात खालच्या झोपड्यांमध्ये एका बाईचं लेकरू देवीनं गेलं. भागीरथाबाई कामावरून आली ती सिमेंटनं माखलेले हातपाय न धुता थेट आमच्या दारात उभी राहिली.

"हिरालालभाऊ, जयाले टोचलं हाय का?"

टोचलं नव्हतं. मला लहानपणी बापानं आईच्या नकळत टोचून आणलं होतं, पण जयाच्या वेळी गावात टोचणारा आला तेव्हा आईनं तिला कणगीत लपवलं होतं. आईच्या तोंडावर देवीचे वण आहेत. लहानपणी देवीनं तिला धरलं आणि सोडून दिलं, त्यामुळे आई देवीचा शब्द खाली पडू द्यायची नाही. ती आतूनच ओरडली, "देवी काढाची म्हंजे? ज्या मायनं मले जितं ठेवलं तिले घरातून काढाची? माह्या नातीच्या अंगाले सुई लागली, त ते कोपन."

"आन सुई नाई लागली त कोन कोपते, ते मी पाहून चुकली हावो ना, शकुबाई," भागीरथाबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली. "हे पोरगी जाऊ देऊ नोका. मी सांगून राहिली, हे पोरगी जाऊ देऊ नोका."

कौशल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी छपराकडे. मी मोठमोठे गर्डर चढवत असे, पण आईपुढे माझा आवाज साखळीनंसुद्धा वर चढत नसे.

मग एक दिवस टोचणारा आला. केवलराम त्याचं नाव, जवळच्याच दुर्गचा माणूस, हिंदी बोलायचा. त्याचं हत्यार म्हणजे दांडीच्या टोकाला एक दातेरी चकती. दंडावर लसीचा थेंब टाकायचा, त्यावर चकती टेकवायची आणि गर्रकन फिरवायची. आभाळात टांगलेल्या गर्डरवर बसून बिडी ओढणारे आमचे खलाशी ती चकती पाहून संडासात जाऊन बसले. आई तर जयाला घेऊन सकाळीच दुर्गला नातेवाइकांकडे पसार झाली होती.

"देवी काढणारा आला! देवी काढणारा आला!" अशी लाइनीत ओरड झाली. भागीरथाबाई कमरेवर हात ठेवून दारात आली.

"कोणाची देवी काढून राहिला रे बाबा? माह्यापाशी त नाई. मी तिले कवाचीच गंगेत टाकली."

केवलराम बावरला. "नहीं माई, टीका. चेचक का टीका."

"मंग टीका म्हण ना बाप्पा! घे, टोच." आणि तिनं लुगड्याचा पदर खोचून सगळ्यांना दिसेल असा दंड पुढे केला. चकती फिरली तेव्हा ती केवलरामकडे नाही, बायांकडे पाहत होती.

त्यानंतर आनंदरावनं डोळे मिटून टोचून घेतलं, आणि मीही. मला नुसती खाज सुटली. आनंदराव गँगमन म्हणून लागताना आधीच टोचलेला, त्यालाही काही झालं नाही. भागीरथाबाईचा दंडही आधी गप्पच होता. ती रोज उजेडात धरून बघायची आणि कुरकुरायची, "लस उठून नाई राहिली बाप्पा. यानं मले पाणी त नाई टोचलं?"

मग उठली, आणि अशी उठली की विचारू नका. आधी लाल गाठ, मग पाण्याचा टपोरा फोड, मग सगळा दंड कोपरापर्यंत सुजला. काखेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ आली, अंगात सणसणून ताप भरला. तिला कधी कोणी टोचलंच नव्हतं ना. अंगाला ही पाहुणी अगदी नवी होती. खाटेवर पडून ती शिव्या देत होती. केवलरामला दिल्या, चकतीला दिल्या, आणि ज्याला काहीच झालं नाही त्या आनंदरावला सगळ्यात जास्त दिल्या.

झालं. "भागीरथेच्या अंगात माय आली!" ही बातमी नळावर गेली आणि नळावरून साऱ्या कॅम्पात. कोणीतरी तिच्या दाराला कडुनिंबाच्या डहाळ्या बांधल्या. छत्तीसगढी बाया मांदर नावाचा ढोल घेऊन आल्या आणि दाराशी बसून मातेची गाणी म्हणू लागल्या. देवी घरात असली की शेजारीपाजारी फोडणी द्यायची नाही, तिला धूर सोसत नाही, असा नियम. देव न मानणाऱ्या बाईच्या दंडापायी मी कितीतरी दिवस पांढरं फटक वरण गिळलं. याबद्दल मी दोघींनाही, देवीला आणि भागीरथाबाईला, माफ केलेलं नाही.

आई दुर्गहून परतली तेव्हा हा सगळा देखावा लागलेला. पिशवी खाली न ठेवताच तिनं दहीभात कालवला, नारळ घेतला आणि जिच्या दारात आजवर पाऊल टाकलं नव्हतं तिच्या उंबऱ्याशी गेली. आणि माझ्या आईनं, हो, माझ्या आईनं, उंबऱ्याबाहेरूनच भागीरथाबाईपुढे जमिनीला डोकं टेकवलं. जया तिच्या लुगड्यामागून डोकावत होती.

"माय, माह्या घरावर नजर ठेव. चुकलंमाकलं पोटात घाल."

भागीरथाबाई उठून बसली. "शकुबाई, हे काय करून राहिल्या? मी भागीरथा आहो! सुईचा ताप हाय हा!"

"माय बोलली!" बायांमध्ये एकच गलका.

"देवी-बिवी काई नाई म्हणून राहिली ना मी! उठा इथून!"

"माय रागावली!" मांदर जोरात वाजू लागला. ती जितकी नाही म्हणेल तितकी भक्ती वाढायची. एक म्हातारी मला समजावून सांगत होती की खरी देवी कधी आपण होऊन कबूल होत नाही.

तेवढ्यात केवलराम फोड तपासायला आला. गर्दीतून वाट काढत त्यानं तिचा दंड पाहिला आणि त्याचा चेहरा उजळला. "अरे वा, क्या बढ़िया उठा है! एकदम फर्स्ट क्लास!" बायांनी याचाही जयजयकार केला. तो सांगत होता की पहिल्यांदा टोचलेल्याला ताप जास्त चढतो, शरीर लढाई शिकतं, पुढे खरी चेचक आली तर ओळखून हाणतं. भागीरथाबाईनं ते मराठीत ओरडून सांगितलं, "आइका! माह्यं अंग लढून राहिलं! देवी नाई, मी लढून राहिली!"

"मायची लढाई चालू हाय," म्हातारी म्हणाली आणि तिनं हात जोडले.

मला वाटलं, आता यातून एकच वाट आहे. मी खाटेजवळ जाऊन हळूच म्हटलं, "भागीरथाबाई, सांगून टाका ना. देवीच्या तोंडानं सांगा, लेकराईले टोचून घ्या म्हणून. एका शब्दाचं काम हाय. जया वाचन."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मला तिथून उठून जावंसं वाटलं.

"हिरालालभाऊ, माह्यं पोरगं मेलं तवा मी तिच्या नावानं नवस बोलली होती. पायावर डोस्कं आपटलं होतं. आता तिच्या नावानं माह्या तोंडातून एक शब्द निंगणार नाई."

मग तिनं जयाकडे पाहिलं. आणि आईला हाक मारली.

"शकुबाई, मी देवी आहो का नाई?"

"हाव माय."

"नक्की ना?"

"नक्की माय, तुह्याच आन."

"मंग तो माठ दिसते ना कोपऱ्यात? त्यातलं गिलासभर पाणी प्या. देवीचा परसाद."

मांदर थांबला. आमच्याकडच्या बाया एकमेकींकडे न पाहता एकदमच जमिनीकडे पाहू लागल्या.

"आन मी देवी नसंन," भागीरथाबाई म्हणाली, "त मंग हा नुसता टीका हाय, आन नुसता ताप हाय. मंग भ्याचं कायले? जयाले पुढं करा. दोन्हीतलं एक करा, शकुबाई. मले अजून बसवत नाई."

आई माठाकडे पाहत राहिली. त्यावर पेला उपडा घातलेला होता. आईला मी चांगला ओळखतो. देवीसाठी ती निखाऱ्यावरून चालली असती. आता ती पाणी पिणार, अशी मी मनाशी पैज मारली, आणि हरलो. आई उठली. गुडघ्याची माती झटकली. जयाच्या दंडाला धरून तिला पुढे ओढलं आणि केवलरामसमोर उभं केलं.

"टोच बाबा," ती म्हणाली. "हे कोनी देवी नोहे. हे आनंदरावची बायको हाय."

जयानं टाहो फोडला. मग काय, देवी देवी नाही हे माझ्या आईनंच जाहीर केल्यावर बाकीच्या बायांनीही आपली पोरं रांगेत उभी केली. केवलरामजवळची लस संपेपर्यंत रांग चालू होती. निंबाच्या डहाळ्या कोणीतरी बकरीला घातल्या.

पत्र्याची भिंत पातळ असते. तो दिवस मावळताना आनंदराव बायकोला खुशीत म्हणत होता, "जितली ना वं तू! साऱ्याईले टोचवलं!"

"जितली?" ती म्हणाली. "देवीच्या कोपाले भेली नाई बुढी. माह्या पाण्याले भेली." आणि ती रडायला लागली. तापात रडली नव्हती. मला पलीकडे बसून इतकी लाज वाटली की ताटातलं ते वरणही गिळवेना.

आता जयाचा दंड. तोही उठला, वेळेवर आणि झकास. पोरगी तापानं फणफणली. आणि माझ्या आईचा धर्म एका दिवसात परत आला. भागीरथेच्या घरी आली ती देवी खोटी, पण कुणब्याच्या घरी आली म्हणजे खरीच असणार, असा तिचा हिशेब होता. दाराला निंब लागला, फोडणी पुन्हा बंद. माझ्या वरणाचं नशीबच फुटकं.

दुपारी पत्रा तापला होता. जया पाणी पाणी करू लागली. आईनं तुळशीच्या पानाचं पाणी गुंडीतून काढून तिच्या तोंडाला लावलं. ते ऊन झालं होतं. जयानं पेला ढकलला.

"हे नाई. भागीरथामावशीच्या माठातलं पायजे. थंडं."

त्या माठातलं पाणी थंड असतं हे हिला कसं माहीत, असं आईनं विचारलं नाही. तापातलं लेकरू मागतं ते देवीच मागते. आणि देवीनं मागितलेलं नाही म्हणता येत नाही, नियम आईचाच.

"कौशल्ये," ती शेवटी म्हणाली, "लोटा घेऊन जा."

कौशल्या तांदूळ निवडत होती. तिनं मान वर न करता म्हटलं, "मी कशी जाऊ आत्याबाई? देवीनं मांगलं. घरच्या थोरल्या बाईनंच जाव लागते."

असा कुठलाही नियम नाही. कौशल्यानं तो तांदळातला खडा फेकता फेकता बनवला. तेव्हापासून मी माझ्या बायकोशी जरा जपून बोलतो.

आई लोटा घेऊन निघाली. मी दारात आलो. भागीरथाबाई तिच्या उंबऱ्यात बसली होती, दंडावरच्या फोडाची काळी खपली धरलेली. आई तिच्यापासून लांब, उन्हात उभी राहिली.

"पाणी पायजे होतं."

"कोनाले?"

"देवीले."

"देवीले माह्याकडं पाणी नाई."

आई तशीच उभी राहिली. ऊन चटचट लागत होतं आणि तिच्या पायात काही नव्हतं, कारण देवी घरात असली की वहाण घालायची नाही. भागीरथाबाईला कसलीही घाई नव्हती. आमच्या खोलीतून जयाचं रडणं ऐकू येत होतं.

"जयाले," ती म्हणाली. "माह्या नातीले. लय तापलं हाय तिचं अंग, भागीरथाबाई."

भागीरथाबाई उठली. आत जाऊन तिनं माठात ओगराळं बुडवलं आणि भरून बाहेर आणलं. आईनं हात लांब करून लोटा खाली धरला. ओगराळं वर थांबलं, विहिरीवर थांबायचं तेवढंच वर. मला वाटलं, ही आता वरून ओतणार, आणि ओतलं तर कोणत्या तोंडानं मी बोलणार? आईनंही वर पाहिलं. तिलाही तेच आठवलं असणार.

भागीरथाबाईनं ओगराळं खाली आणलं. लोट्याच्या काठाला ते लागून टणकन वाजलं, आणि मग तिनं पाणी ओतलं.

"भिऊ नोका," ती म्हणाली. "उतरते हा ताप. काखेत अवधान आलं असंन, ते चोळू नोका तेवढं."

आई लोटा घेऊन घरात आली. तुळशीचा डबा दारातच होता. आई तिथं थांबली नाही. तिनं जयाचं डोकं मांडीवर घेतलं आणि लोटा सरळ तिच्या तोंडाला लावला.